‘थ्रश’ म्हणजे गाणारा पक्षी की तोंडातली बुरशी? हा एक शब्द आहे की दोन?

प्रश्न : अनुवादिनी

तान्ह्या बाळाच्या संगोपनावरील एका इंग्रजी पुस्तिकेचे मराठी भाषांतर सध्या माझ्याकडे आहे. कच्चा मसुदा संगणकाकडून करून घ्यायचा आणि मग तो ओळीओळीने तपासायचा, अशी माझी पद्धत आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला ‘थ्रश’ होऊ शकतो, अशा अर्थाच्या एका साध्या वाक्यापुढे संगणकाने ‘बाळाला कस्तूर पक्षी होऊ शकतो’ असे भाषांतर ठेवले, तेव्हा आधी मला हसू आले. पण शब्दकोश उघडल्यावर संगणकाची चूक मुळीच अकारण नव्हती, हे लक्षात आले. त्या एकाच अक्षररूपापुढे एक गाणारा पक्षी, तोंडात किंवा योनिमार्गात होणारा बुरशीचा संसर्ग आणि घोड्याच्या खुराला होणारा एक विकार, असे तीन अर्थ दिलेले होते.

तेव्हापासून माझ्या मनात एक तर्क घोळतो आहे. युरोपात आढळणाऱ्या गाणाऱ्या थ्रशच्या फिकट छातीवर गडद ठिपके असतात आणि या आजारात जिभेवर व गालाच्या आतल्या बाजूला ठिपक्याठिपक्यांचे पांढरे थर दिसतात. आपण जसे सापाच्या नागमोडी आकारावरून एका त्वचारोगाला ‘नागीण’ म्हणतो, तसेच ठिपक्यांवरून इंग्रजांनी या रोगाला पक्ष्याचे नाव दिले असेल काय? की पक्षी गातो तो कंठातून आणि आजार होतो तो तोंडात व घशात, असा काही धागा आहे? दुसरी शंका व्यवहारातली आहे. या आजारासाठी मराठीत कोणता शब्द वापरावा? माझ्या मनात ‘तोंड येणे’ हा शब्दप्रयोग होता, पण तो बरोबर आहे याची खात्री वाटत नाही.

उत्तर : व्युत्पत्तिवेडा

आपला ठिपक्यांचा तर्क देखणा आहे आणि त्यामुळेच तो सोडून देताना थोडे वाईट वाटेल. पक्ष्याचा ‘थ्रश’ आणि आजाराचा ‘थ्रश’ हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत; ते वेगवेगळ्या मुळांचे दोन शब्द आहेत आणि त्यांचा उच्चार व लेखन कालांतराने एकसारखे झाले आहे. चांगला इंग्रजी कोश उघडलात तर त्यांच्या नोंदी क्रमांक घालून वेगळ्या केलेल्या दिसतील. एकाच नोंदीखाली आलेले अर्थ आणि स्वतंत्र क्रमांकाखाली आलेले शब्द यांतील फरक घाईत नजरेतून निसटतो. परंतु कोशकाराने आपला निर्णय त्या लहानशा आकड्यातच सांगितलेला असतो.

पक्ष्याचा शब्द फार जुना आहे. तो प्राचीन इंग्रजीत आहे. त्याचाच एक लघुत्वदर्शक भाऊबंद ‘थ्रॉसल’ हाही तेथे आहे आणि दोघेही त्याच पक्ष्याला उद्देशून वापरले जात. जर्मनमधील ‘ड्रॉसेल’, रशियनमधील ‘द्रोज्द’, लिथुएनियनमधील ‘स्त्राझ्दास’ आणि लॅटिनमधील ‘टर्डस’ हे सारे एकाच गोत्रातले शब्द आहेत. म्हणजे या पक्ष्याचे नाव युरोपातील भाषा एकमेकींपासून दूर जाण्याच्या आधीपासून लोकांच्या तोंडी होते. आजाराचा शब्द मात्र इंग्रजीत सतराव्या शतकात, १६६० च्या दशकात, लिखित रूपात दिसू लागतो. सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत १६६५ साली, युद्धात जखमी झालेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या खालावत्या प्रकृतीचे वर्णन करताना, ताप आणि उचकी यांच्या जोडीने तो आला आहे. हा शब्द बहुधा स्कँडिनेव्हियाकडून आला असावा, असे कोशकार मानतात, कारण डॅनिशमध्ये याच आजाराला ‘त्रोस्के’ म्हणतात आणि स्वीडिशमध्ये ‘टोर्स्क’. त्याच्याही मागचे मूळ धूसर आहे.

स्वीडिश भाषेत तर गंमत अधिकच वाढते. तेथे ‘टोर्स्क’ म्हणजे तोंडातली बुरशी आणि ‘टोर्स्क’ म्हणजे कॉड हा मासा. इंग्रज अनुवादकाला जो पेच पक्ष्यामुळे पडतो, तोच स्वीडिश अनुवादकाला माशामुळे पडतो. आजार तोच आहे. शेजारच्या भाषेत त्याचे नाव ज्या प्राण्याच्या नावावर जाऊन आदळले, तो प्राणी तेवढा बदलला. पक्ष्याच्या ठिपक्यांशी आजाराचा खरोखर संबंध असता, तर शब्द जिथून आल्याचे मानले जाते त्या स्वीडिशमध्ये त्याने कॉडशी संसार मांडला नसता.

आता हेच फ्रेंचमध्ये पाहा, म्हणजे आपला तर्क चुकीचा असला तरी वेडगळ का नव्हता, ते कळेल. फ्रेंचमध्ये या आजाराला ‘म्यूगे’ म्हणतात, आणि ‘म्यूगे’ हे लिली ऑफ द व्हॅली या पांढऱ्याशुभ्र, घंटेच्या आकाराच्या नाजूक फुलांचे नाव आहे. इटालियनमध्ये ‘मुगेत्तो’ या शब्दाचेही हेच दोन अर्थ आहेत. येथे मात्र दोन शब्दांची टक्कर झालेली नाही. बाळाच्या तोंडात उमललेले पांढरे पुंजके पाहून कोणाला तरी फुलांचे झुबके आठवले आणि फुलाचे नाव आजाराला मिळाले. ब्राझीलमधील पोर्तुगीजमध्ये तर बोलीत याला ‘सापिन्यो’, म्हणजे ‘छोटा बेडूक’, असे म्हणतात. पांढऱ्या ठिपक्यांवरून नाव सुचणे अगदी स्वाभाविक आहे. इंग्रजीत तसे घडले नाही, इतकेच.

मराठीत या दोन्ही गोष्टी पावलोपावली भेटतात. ‘पान’ हा शब्द घ्या. झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान हा एकाच शब्दाचा अर्थविस्तार आहे. ‘पर्ण’ या संस्कृत शब्दापासून झाडाचे पान आले आणि पुढे लिहिण्याच्या पृष्ठालाही तेच नाव लागले. पण ‘मद्यपान’ या शब्दातले पान ‘पिणे’ या अर्थाच्या धातूवरून आले आहे आणि त्याचा पर्णाशी काडीचाही संबंध नाही. ‘नाव’ हा तर ‘थ्रश’चा सख्खा भाऊ शोभावा. माणसाचे नाव ‘नामन्’पासून आले, होडी या अर्थाची नाव ‘नौ’पासून आली, मधल्या काळात ‘म’चा ‘व’ झाला, त्या ‘व’आधीचा अनुनासिक उच्चारही हळूहळू मावळला आणि दोन अनोळखी शब्द एकाच रूपाशी येऊन थांबले. ‘कावीळ’ ऐकून कोणाला ‘कावळा’ आठवेल. पण कावीळ ही ‘कामला’ या संस्कृत रोगनामाची मराठी लेक आहे. तेथेही ‘म’चाच ‘व’ झाला आहे आणि त्यात कावळ्याचा काही हात नाही.

उत्तर : दंतवैद्य, निवृत्तीच्या उंबरठ्यावर

व्युत्पत्ती जाणकारांकडे सोपवून मी भाषांतराच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तेथील चूक केवळ हसण्यापुरती राहात नाही.

कृपया ‘तोंड येणे’ वापरू नका. मराठीत तोंड येणे म्हणजे सामान्यतः तोंडात व्रण पडणे. ते व्रण मधे पिवळसर-पांढरे आणि कडेने लाल असतात. तिखट लागले की झोंबतात आणि बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप भरून येतात. थ्रशमध्ये व्रण नसतो. वर थर साचलेला असतो. जीभ, गालाची आतली बाजू, टाळू यांवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर दिसतात. ते हलक्या हाताने पुसले तर निघतात आणि खाली लालबुंद, क्वचित रक्ताळलेली त्वचा उरते. बाळाच्या जिभेवरचे दुधाचे अवशेषही पांढरेच दिसतात. परंतु ते पुसल्यावर खालची जीभ नेहमीसारखी गुलाबी असते. थ्रशवर बुरशीनाशक औषध द्यावे लागते, साध्या तोंड येण्यावर त्याचा उपयोग नसतो. आपल्या पुस्तिकेत ‘तोंड येणे’ छापले गेले, तर एखादी आई व्रणावरचे मलम आणून ते बुरशीवर लावत बसेल. मी असे प्रत्यक्ष पाहिले आहे. त्या माउलीचा दोष एवढाच की तिने ऐकलेल्या शब्दावर विश्वास ठेवला.

हा संसर्ग बहुतांशी कँडिडा अल्बिकन्स नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी बाहेरून चाल करून येणारी शत्रू नव्हे. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यांत ती गुपचूप नांदत असते. शरीरातील समतोल ढळला की ती फोफावते. तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. प्रतिजैविकांमुळे बुरशीला आवर घालणारे जीवाणू मरतात. अनियंत्रित मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, रात्रीही न काढलेली कवळी, दम्यासाठी ओढलेले स्टेरॉइड, ही सारी निमित्ते तिला पुरतात. दम्याचे असे औषध ओढल्यानंतर चूळ भरावी, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

या बुरशीच्या शास्त्रीय नावातही एक शब्दगंमत आहे आणि ती आपल्यासारख्या भाषाप्रेमींना सांगितल्यावाचून राहवत नाही. लॅटिनमध्ये ‘कँडिडस’ म्हणजे शुभ्र आणि ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरे होत जाणारे. म्हणजे नाव झाले ‘पांढरी होत जाणारी पांढरी’. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे लोक खडूने उजळलेला शुभ्र झगा घालत. त्यावरूनच इंग्रजीतला उमेदवाराचा शब्द ‘कँडिडेट’ आला. उमेदवार आणि बाळाच्या तोंडातली बुरशी यांचे हे नाते मात्र अगदी खरे आहे, योगायोगाचे नव्हे. नावाचा हा दुहेरी पांढरेपणा एका बैठकीत ठरलेला नाही. १८३९ साली बर्नहार्ड लांगेनबेक यांनी विषमज्वराच्या एका रुग्णात ही बुरशी पाहिली. १८५३ साली शार्ल रोबँ यांनी तिला ‘ओइडियम अल्बिकन्स’ असे नाव दिले. आणि १९२३ साली क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी ‘कँडिडा’ हे कुलनाम तिच्यामागे लावले. पांढऱ्यावर पांढरा रंग चढला तो असा, सत्तर वर्षांच्या अंतराने.

आता आपल्या वाक्याकडे येऊ. पुस्तिका सर्वसामान्य वाचकांसाठी असेल, तर ‘तोंडातील बुरशीसंसर्ग’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखाला ‘ज्याला थ्रश म्हणतात तो’ एवढे जोडावे, कारण डॉक्टर बोलताना हाच शब्द उच्चारणार आहेत आणि तो आईच्या कानावरून गेलेला असलेला बरा. एक सावधगिरी मात्र बाळगा. ब्रिटनमधील लेखनात प्रौढ स्त्रीच्या संदर्भात नुसते ‘थ्रश’ आले, तर त्याचा अर्थ बहुधा योनिमार्गातील बुरशीसंसर्ग असा असतो. अमेरिकेत त्यालाच ‘यीस्ट इन्फेक्शन’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तेथे ‘थ्रश’ हा शब्द मुख्यतः तोंडातल्या संसर्गासाठी राखलेला असतो. स्तनपानावरच्या प्रकरणात आईच्या स्तनाग्राला झालेल्या संसर्गासाठीही हाच शब्द येतो. प्रत्येक ठिकाणी ‘तोंडातील’ हे विशेषण डोळे झाकून लावले, तर पक्ष्याच्या चुकीतून सुटून आपण दुसऱ्या चुकीत सापडाल.

उत्तर : पहाटेचा निरीक्षक

पक्ष्याची बाजू मांडायला कोणी तरी हवे, म्हणून लिहितो आहे.

संगणकाने ‘कस्तूर’ हा शब्द निवडला तो पक्षी म्हणून योग्यच होता. पण मुळातला इंग्रजी शब्दही वाटतो तितका नेमका नाही. टर्डिडी या कुळात दीडशेहून अधिक जाती आहेत. त्यांतील ज्यांना इंग्रजीत ‘थ्रश’ म्हणतच नाहीत, असे ब्लॅकबर्ड आणि अमेरिकेतील रॉबिन हे दोघेही शास्त्रीयदृष्ट्या पक्के थ्रश आहेत, दोघांचीही प्रजाती ‘टर्डस’. उलटपक्षी, ज्यांना थ्रश म्हणतात असे काही पक्षी त्या कुळात नाहीत. पश्चिम घाटातल्या ओढ्यांकाठी माणसासारखी शीळ घालणारा शीळ कस्तूर इंग्रजीत ‘मलबार व्हिसलिंग थ्रश’ म्हणवतो. परंतु आता त्याची गणना माशीमारांच्या कुळात होते. निळा शैल कस्तूरही तसाच. इंग्रजी नाव जुन्या समजुतीने चिकटले, वर्गीकरण पुढे गेले आणि मराठी नावांनी बहुतेक ठिकाणी इंग्रजी नावाचीच सावली धरली.

आपण ज्या ठिपकेदार छातीबद्दल लिहिले आहे, तो पक्षी म्हणजे ‘साँग थ्रश’, शास्त्रीय नाव टर्डस फिलोमेलोस. त्याची दोन वैशिष्ट्ये आहेत. एक म्हणजे गाताना तो प्रत्येक ओळ दोन-तीन वेळा, क्वचित अधिक वेळा, उच्चारून मगच पुढच्या ओळीकडे जातो. त्यामुळे न पाहताही तो ओळखता येतो. दुसरे म्हणजे गोगलगाय चोचीत धरून तो ठरावीक दगडावर आपटतो आणि शंख फोडून आतला जीव खातो; त्या दगडाभोवती फुटलेल्या शंखांचा खच पडलेला असतो. त्याचा मोठा भाऊ ‘मिसल थ्रश’ याचे शास्त्रीय नाव टर्डस व्हिसिव्होरस, म्हणजे ‘बांडगूळ खाणारा कस्तूर’. बांडगुळाच्या चिकट फळांपासून पूर्वी पक्षी पकडण्याचा गोंद करीत आणि ‘चिकट, दाट’ या अर्थाचा इंग्रजीतला ‘व्हिस्कस’ हा शब्द त्या बांडगुळाच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. ज्या बिया हा पक्षी विष्ठेतून पसरवतो, त्यांच्याच फळांच्या गोंदात तो अडकतो, यावरून लॅटिनमध्ये एक खरमरीत म्हणही होती. सभ्य मंडळीत तिचा शब्दशः अनुवाद करता येत नाही.

योगायोग माणसाला कसा भुलवतो, याचा नमुना म्हणून एक सांगतो. ‘फिलोमेलोस’ या नावामागे ग्रीक पुराणकथेतील फिलोमेला ही राजकन्या आहे. तिची जीभ छाटली गेली आणि पुढे तिचे पक्ष्यात रूपांतर झाले. पक्षी थ्रश, नावात जीभ गमावलेली राजकन्या, आणि त्याच नावाचा आजार जिभेवर होणारा! कोणाला वाटेल की आता धागा सापडलाच. पण हे शास्त्रीय नाव एकोणिसाव्या शतकातले आहे आणि आजाराचा शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. शिवाय हे नाव पक्ष्याच्या गोड गळ्यासाठी दिले गेले, जिभेसाठी नव्हे.

पक्ष्याच्या शब्दाला स्वतःचे खरे अर्थविस्तारही आहेत आणि ते सारे आवाजाच्या वाटेने झाले आहेत. विसाव्या शतकात अमेरिकी बोलीत गायिकेला ‘थ्रश’ म्हणत. त्याच्या ‘थ्रॉसल’ या भावंडाचे नाव सूत कातण्याच्या एका यंत्राला मिळाले; यंत्र चालताना जो गुणगुणणारा आवाज येई त्यावरून ते दिले गेले, असे सांगतात. पक्ष्याच्या नावातून अर्थ फुटायचा झाला तर तो असा गाण्यातून फुटतो. आजार त्या फांदीवरचा नाही.

अनुवादिनी

सर्वांचे मनापासून आभार. तर्क गेला याचे दुःख नाही, कारण त्याच्या मोबदल्यात कॉड मासा आणि लिलीचे फूल मिळाले.

आपली उत्तरे वाचून मी मूळ मजकूर पुन्हा पाहिला, तेव्हा एक बारकावा जाणवला. इंग्रजीत पक्षी असेल तर त्याच्याआधी उपपद येते किंवा शब्दाचे अनेकवचन होते. आजार असेल तर शब्द उघडा, एकवचनी आणि उपपदाविना येतो. म्हणजे इंग्रजी वाचकाला एका अक्षराच्या उपपदावरून पक्षी आणि बुरशी वेगळी करता येतात आणि ते उपपद मराठीत येताना गळून पडते. मराठीत ही खूण आपण कशी ठेवतो, याचा विचार करताना आपलीच आजारांची नावे आठवली. ‘नागीण दिसली’ म्हटले की आपण पाय मागे घेतो. ‘नागीण उठली’ म्हटले की अंगावरचे फोड आठवतात. ‘देवी आली’ आणि ‘देवी आल्या’ यांत तर केवळ वचनाचा फरक आहे. एका ठिकाणी देवता आहे आणि दुसऱ्या ठिकाणी जगातून १९८० साली हद्दपार झाल्याचे जाहीर झालेला रोग. इंग्रजीत अनेकवचन झाले की तो पक्षी ठरतो आणि आपल्याकडे अनेकवचन झाले की तो आजार ठरतो, हे पाहून मला मौज वाटली. उपपदाचा हा नियम सर्वत्र चालेल काय?

व्युत्पत्तिवेडा

आजच्या इंग्रजीसाठी चालेल. जुन्या मजकुरात मात्र तो फसवेल आणि त्याचे उदाहरण मीच वर दिले आहे. पेप्सच्या त्या १६६५ च्या नोंदीत आजाराच्या ‘थ्रश’आधी चक्क उपपद आहे, जसे ताप आणि उचकी यांच्याआधीही आहे. आपला नियम तेथे लावला, तर मरणासन्न नौदल अधिकाऱ्याच्या उशाशी एक पक्षी बसलेला दिसेल.

क्रियापदांविषयी आपण लिहिलेत ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. मराठीत आजार ‘होतो’, ‘येतो’, ‘उठतो’, ‘लागतो’, आणि प्रत्येक आजाराचे क्रियापद ठरलेले असते. गोवर येतो, नागीण उठते, कावीळ होते, गजकर्ण होते. त्यातही ‘गजकर्ण’ हा बुरशीचाच विकार आहे आणि त्याचे नाव शब्दशः हत्तीचा कान आहे. पण ‘गजकर्ण झाले’ असे ऐकून कोणी हत्ती शोधायला निघत नाही, कारण ‘झाले’ या क्रियापदाने निवाडा आधीच केलेला असतो. संगणकाच्या वाक्यात ‘होऊ शकतो’ हे क्रियापद बरोबर आले होते आणि नाम चुकले होते. खरे तर तेथेच विसंगती उघडी पडली. पक्षी दिसतो, गातो, उडतो, पण कोणाला होत नाही.

जाता जाता आणखी एक जोडी सांगतो, कारण आपणच नागिणीचा उल्लेख केला. या आजाराला इंग्रजीत ‘शिंगल्स’ म्हणतात. छपरावर बसवायच्या लाकडी फळ्यांनाही ‘शिंगल्स’ म्हणतात. एक शब्द ‘कमरपट्टा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, कारण फोडांचा पट्टा कमरेभोवती वळसा घालतो; दुसरा छपराच्या फळीच्या लॅटिन नावावरून. येथेही अंगावर कौले रचल्यासारखे फोड दिसतात, असा तर्क कोणाला सुचू शकेल आणि तो इतकाच चुकीचा ठरेल. पट्टा मात्र खरा आहे.

उत्तर : पशुवैद्यक

तिसरा अर्थ अनाथ राहिला, म्हणून थोडक्यात लिहिते. घोड्याच्या खुराच्या तळाशी पाचरीसारखा, त्रिकोणी, लवचीक भाग असतो. सतत ओल्या व घाण जागेत उभे राहिल्याने किंवा खूर वेळच्या वेळी साफ न केल्याने त्याच्या खाचांत हवेविना वाढणारे जीवाणू शिरतात, तेथील भाग कुजतो, काळसर स्राव येतो आणि अशी दुर्गंधी सुटते की निदान नाकानेच व्हावे. यालाही ‘थ्रश’ म्हणतात. माणसाच्या थ्रशशी याचे कारण जुळत नाही. तेथे बुरशी, येथे मुख्यतः जीवाणू. कोरडी जागा आणि स्वच्छ खूर हा निम्मा उपचार आहे, म्हणून ‘घोड्याच्या तोंडातील बुरशी’ असे भाषांतर झाले तर वाचक औषध नको त्या टोकाला लावेल.

या शब्दाच्या उगमाविषयी एक वेगळे मतही आहे. जुन्या इंग्रजीत खुराच्या त्या भागाला आणि त्याच्या विकाराला ‘फ्रश’ म्हणत. काही कोशकार त्याचा संबंध ‘छोटा काटा’ या अर्थाच्या फ्रेंच ‘फूर्शेत’शी जोडतात, कारण तो भाग काट्यासारखा दुभंगलेला दिसतो. ‘फ्रश’ आणि ‘थ्रश’ हे कानाला इतके जवळचे आहेत की तबेल्यात त्यांची सरमिसळ झाली असेल, तर नवल नाही. तसे असेल तर एका अक्षररूपात दोन नव्हे, तीन शब्द येऊन बसले आहेत.

आणि अनुवादकांसाठी खरा सापळा पुढेच आहे. खुराच्या त्या भागाला आज इंग्रजीत ‘फ्रॉग’ म्हणतात. त्यामुळे पशुवैद्यकाच्या टिपणातले एक अगदी सरळ वाक्य संगणकाच्या हाती पडले, तर त्याचे ‘घोड्याच्या बेडकाला कस्तूर झाला आहे’ असे रूप होऊ शकते.

अनुवादिनी

हे वाक्य मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले आहे. पुस्तिकेतली ओळ आता अशी झाली आहे : ‘पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या तोंडात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो; डॉक्टर त्याला थ्रश म्हणतात. जिभेवरचा पांढरा थर पुसल्यावर खाली लाली दिसली, तर बाळाला डॉक्टरांना दाखवावे.’ दुसरे वाक्य मुळात थोडे निराळे होते. दंतवैद्यांनी सांगितलेली खूण प्रकाशकांना विचारून त्यात घातली आहे. स्तनपानाच्या प्रकरणात तोच शब्द आणखी चार ठिकाणी आहे आणि त्यांतल्या एका ठिकाणी आई व बाळ दोघांचाही उल्लेख असल्याने तेथे ‘तोंडातील’ हे विशेषण काढून वाक्यच नव्याने बांधावे लागणार आहे.